शिंगरांचे पाय पाळण्यात

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो आणि तीही बहुतेक वेळा मागाहून. मूल मोठं होऊन नाव काढतं, मग आजी सांगते की मला तर पाळण्यातच कळलं होतं. ज्यांचे पाय पाळण्यात दिसले आणि पुढे काहीच झालं नाही, त्यांची गोष्ट आजी सांगत नाही.

घोड्यांच्या दुनियेत मात्र या म्हणीवर खरोखर पैसे लावतात. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत स्वतःच्या पायांवर उभं राहतं, आणि तेव्हापासून माणसं त्याच्या पायांकडे बघायला लागतात. पाय सरळ आहेत का, गुडघा कसा आहे, चालताना खूर कुठे पडतो. मग दोन वर्षांनी त्या पायांची परीक्षा होते. अशाच एका परीक्षेची ही गोष्ट. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात १९५३ पासून १९७२ पर्यंत दोन वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांची एक शर्यत होत असे, ‘गार्डन स्टेट स्टेक्स’. अंतर एक मैल आणि वर मैलाचा सोळावा हिस्सा, म्हणजे साधारण सतराशे मीटर. सुरुवातीच्या काळात तिची ख्याती जगातली सगळ्यात मोठ्या बक्षिसाची शर्यत अशी होती. आज ती नाही, ते मैदानही नाही.

आता आधीच सांगून टाकतो, मी काही रेस खेळणारा माणूस नाही. आमच्यासारख्या घरांत ‘रेसच्या नादाला लागला’ हे वाक्य ‘दारूच्या नादाला लागला’ याच्या लगेच मागे यायचं, आणि दोन्ही वाक्यं हलक्या आवाजात बोलली जायची. पण घोड्यांच्या इतिहासात मात्र मी रमतो. जुन्या शर्यतींच्या विजेत्यांच्या याद्या वाचणं हा माझा एक निरुपद्रवी छंद आहे. गार्डन स्टेट स्टेक्सची यादी वाचताना मी अडकलो, कारण ती यादी घोड्यांपेक्षा आपल्याबद्दलच जास्त बोलते आहे असं वाटायला लागलं.

आधी वयाचा हिशेब समजून घेऊ, कारण सगळी गंमत (आणि सगळा धोका) तिथेच आहे. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच तारीख चिकटवून दिली. थरोब्रेड घोड्यांचं तसंच आहे. उत्तर गोलार्धात ते सगळे १ जानेवारीला एक वर्षानं मोठे होतात, मग शिंगरू प्रत्यक्षात जानेवारीत जन्मलेलं असो की मे महिन्यात. त्यामुळे एकाच रांगेत उभ्या असलेल्या ‘दोन वर्षांच्या’ घोड्यांमध्ये चार-पाच महिन्यांचं अंतर असू शकतं. ज्या जिवाचं सगळं वयच दोन-अडीच वर्षं आहे, त्याच्यासाठी चार महिने म्हणजे केवढे! पहिलीच्या वर्गात सहा वर्षांचा आणि सात वर्षांचा मुलगा शेजारी बसवून धावायला लावल्यासारखंच.

आपल्या महालक्ष्मीला फेब्रुवारीत इंडियन डर्बी होते, ती चार वर्षांच्या घोड्यांची. अमेरिकेतली केंटकी डर्बी मे महिन्यात, तीन वर्षांच्या घोड्यांची. म्हणजे तिकडच्या घोड्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत आपल्याकडच्यापेक्षा नऊ महिने आधी पळावी लागते. आणि त्या डर्बीत कोण चमकेल हे ओळखण्यासाठी त्याच्याही आधी, दोन वर्षांच्या वयात, परीक्षा. गार्डन स्टेट स्टेक्स ही त्या वर्षाच्या शेवटाकडची, जवळजवळ वार्षिक परीक्षाच.

ही शर्यत जिथे व्हायची ते ‘गार्डन स्टेट पार्क’ हे मैदान यूजीन मोरी या उद्योजकानं उभं केलं. उद्घाटन जुलै १९४२ मधलं. अमेरिका युद्धात उतरलेली, पोलाद मिळायची मारामार. म्हणून प्रेक्षकांची भव्य स्टँड बरीचशी लाकडात बांधली. हे लाकूड लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. जागा मात्र मोरीनं अचूक हेरली होती. डेलावेअर नदीच्या पलीकडे फिलाडेल्फिया हे एवढं मोठं शहर, आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात थरोब्रेड घोड्यांच्या शर्यतींना परवानगीच नाही. मग हौशी फिलाडेल्फियाकर जाणार कुठे? पूल ओलांडून न्यू जर्सीत. शेजारच्या घरात बंदी असली की आपल्या दुकानाला बरकत येते, हा धंद्यातला जुना नियम आहे.

पण नुसती गर्दी असून भागत नाही, नाव हवं असतं. न्यूयॉर्कच्या जुन्या मैदानांना परंपरा होती, केंटकीला डर्बी होती. नव्या मैदानाकडे परंपरा नसली की तिची जागा पैशानं भरून काढावी लागते. १९५३ मध्ये गार्डन स्टेट स्टेक्स सुरू झाली ती अशी.

तो पैसा यायचा कुठून, ही पद्धत फार मजेशीर आहे. काही रक्कम मैदान घालायचं, बाकीची घोडामालकांकडून फी म्हणून गोळा व्हायची. शिंगरू लहान असतानाच त्याचं नाव नोंदवायचं, थोडी फी भरायची. पुढे ठरावीक मुदतीनं आणखी फी. ज्याचं शिंगरू मधेच लंगडं झालं किंवा मंद निघालं तो फी भरणं थांबवायचा, पण आधी भरलेले पैसे भांड्यातच राहायचे. ही कल्पना मोरीची नव्हे. १८८८ मध्ये न्यूयॉर्कजवळ शीप्सहेड बे इथे ‘फ्युचुरिटी’ नावाची शर्यत पहिल्यांदा झाली, तिच्यासाठी तर घोडी गाभण असतानाच, पोटातल्या शिंगराची नोंदणी झाली होती. बाजारात तुरी म्हणतात ती हीच! पण या तुरींवर प्रत्येक मालक आपापल्या परीनं स्वप्न बघत असतो आणि त्या स्वप्नांची वर्गणी जमून एक प्रचंड बक्षीस तयार होतं. म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या पैशात बराच वाटा मैदानापर्यंत पोहोचूच न शकलेल्या शिंगरांचा असायचा.

हे बक्षीस केवढं होतं, ते एकाच तबेल्याच्या हिशेबावरून कळतं. हॅरी गुगेनहाइम यांच्या डार्क स्टार या घोड्यानं १९५३ ची केंटकी डर्बी जिंकली. आयुष्यात एकदाच हरलेल्या नेटिव्ह डान्सरला हरवणारा तो हाच घोडा. अख्खी अमेरिका ज्या शर्यतीसाठी थांबते ती जिंकून मालकाला मिळाले सुमारे नव्वद हजार डॉलर. त्याच वर्षाच्या शेवटी गुगेनहाइम यांच्याच टर्न-टू या दोन वर्षांच्या घोड्यानं पहिली गार्डन स्टेट स्टेक्स जिंकली, आणि मिळाले दीड लाखाच्या घरात. मालक एक, एडी हेवर्ड हा ट्रेनरही एक, वर्षही एक. सिद्ध झालेल्या घोड्याला नव्वद हजार आणि ‘पुढे मोठा होईल’ अशा पोराला दीड लाख.

हा टर्न-टू मूळचा आयर्लंडचा. १९५४ च्या केंटकी डर्बीत तोच जिंकणार असं बहुतेकांनी धरलं होतं. फेब्रुवारीतली फ्लेमिंगो स्टेक्स त्यानं जिंकली, आणि मग डर्बीच्या आधी त्याच्या पायाचा स्नायुबंध दुखावला. शर्यतीचं आयुष्य संपलं. एकूण आठ शर्यती, सहा विजय. म्हणजे पहिल्याच वर्षी पहिला नंबर काढणारा विद्यार्थी मुख्य परीक्षेला बसूच शकला नाही.

पुढची काही वर्षं बघा. १९५४ ला समर टॅन जिंकला, पण त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला तो नशुआ, जो या शर्यतीत नव्हताच. पुढच्या डर्बीत समर टॅन तिसरा. १९५५ ला प्रिन्स जॉन जिंकला आणि तिसऱ्या नंबरवर होता नीडल्स. १९५६ ची केंटकी डर्बी आणि बेलमाँट स्टेक्स दोन्ही नीडल्सनं मारल्या. १९५६ ला कॅल्युमेट फार्म या बड्या तबेल्याचा बार्बिझॉन जिंकला आणि त्या वर्षीचा दोन वर्षांचा चॅम्पियन ठरला. १९५७ ची डर्बी कॅल्युमेटनंच जिंकली, पण घोडा होता आयर्न लीज. १९५८ ला फर्स्ट लँडिंगनं टॉमी लीला हरवलं. सहा महिन्यांनी डर्बीत टॉमी ली पहिला, फर्स्ट लँडिंग तिसरा.

ही यादी वाचताना मला सारखी आपल्या दहावीच्या गुणवत्ता यादीची आठवण येत होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बोर्डात आलेल्यांचे फोटो, पेढा भरवणारे आईवडील, ‘मोठेपणी कोण होणार?’ हा ठरलेला प्रश्न. त्यातली काही मुलं खरोखर मोठी झाली. बरीच आपल्यासारखीच साधं, बरं आयुष्य जगली, त्यात वाईट काहीच नाही. पुढे बोर्डानं ती यादी बंदच केली. त्या याद्या खोट्या नव्हत्या. त्या दिवशी, त्या पेपरात, ती मुलं खरंच पहिली होती. चूक होते ती त्या निकालाला भविष्य समजण्यात. गार्डन स्टेट स्टेक्स जिंकणारा घोडा खोटा पहिला नव्हता. सोळाव्या महिन्यात भरलेली छाती, लवकर जुळून आलेली हाडं, शांत स्वभाव, हे सगळं त्याच्याकडे होतं. फक्त, लवकर मोठा होणं आणि जास्त मोठा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अडीचाव्या वर्षी दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

१९६० च्या वर्षात तर या खेळाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात.

त्या वर्षी जिंकला कॅरी बॅक. त्याचा मालक आणि ट्रेनर जॅक प्राइस हा काही बडा आसामी नव्हता. कॅरी बॅकची आई जॉपी ही घोडी त्याला तीनशे डॉलरच्या व्यवहारात मिळाली, आणि त्यातलाही काही भाग समोरच्याकडून येणं असलेल्या पैशात वळता केला. सॅगी नावाच्या घोड्याकडून ती भरवून घेतली, त्याचे चारशे डॉलर. म्हणजे सातशे डॉलरचा घोडा! प्राइसनं त्याला दोन वर्षांच्या वयात तब्बल एकवीस शर्यतींत पळवलं. त्यातल्या पाच जिंकल्या. त्याची पद्धतच अशी, की सरावापेक्षा शर्यतीतच घोडा घडतो. गार्डन स्टेट स्टेक्सच्या बक्षिसानं सातशे डॉलरचे लाखाहून जास्त झाले. पुढच्या वर्षी कॅरी बॅकनं केंटकी डर्बी जिंकली, मग प्रिकनेस जिंकली. आयुष्यभरात साठाहून जास्त शर्यती पळून त्यानं दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला. गरिबाघरचं पोर, एकवीस परीक्षा, आणि तरी पाय शाबूत.

दुसरा घोडा हेल टू रीझन. आपल्या टर्न-टूचा मुलगा. ट्रेनर हर्श जेकब्स, सामान्य घोड्यांतून पैसे काढण्यात वाकबगार माणूस. हेल टू रीझन मात्र सामान्य नव्हता. १९६० मध्ये दोन वर्षांच्या वयात तो अठरा शर्यती पळला, नऊ जिंकला, आणि सप्टेंबर संपायच्या आतच त्या वर्षाचा चॅम्पियन तोच हे जवळपास ठरून गेलं. मग एका सकाळी सरावात त्याच्या पुढच्या डाव्या पायातली, खुराच्या वरच्या सांध्यामागची दोन्ही लहान हाडं मोडली. जेकब्सच्या माणसांनी पाय प्लॅस्टरमध्ये घालून त्याला वाचवलं, पण तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. त्यानंतर दोनेक महिन्यांतच झालेल्या गार्डन स्टेट स्टेक्समध्ये तो असता तर काय झालं असतं, हा प्रश्न कॅरी बॅकच्या चाहत्यांना आवडणारा नाही.

एकवीस शर्यतींनी एक घडला, अठरा शर्यतींनंतर दुसरा मोडला. यातून ‘दोन वर्षांच्या घोड्याला पळवावं की नाही’ याचं सरळ उत्तर मिळत नाही, आणि आजही ते पूर्ण मिटलेलं नाही. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्याशी जी हाड वाढण्याची जागा असते ती साधारण दोन ते अडीच वर्षांच्या वयात मिटते. जाणते ट्रेनर एक्स-रे काढून बघतात, आणि ती अजून ‘उघडी’ असेल तर घोड्याला थांबवतात. दुसरीकडे असंही दिसून आलं आहे की वाढत्या वयात बेताच्या वेगानं, थोड्या अंतरासाठी पळवलेल्या घोड्याची हाडं जास्त घट्ट होतात आणि दोन वर्षांच्या वयात पळलेले घोडे पुढे जास्त वर्षंही टिकतात. अर्थात जे मुळात धडधाकट तेच त्या वयात पळतात, हा त्यातला पेच आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. एखाद्या शिंगराचा पाय अजून तयार नाही हे ट्रेनरला दिसतं. मालकानं त्याच्यासाठी तीन हप्ते फी भरलेली असते. आणि नोव्हेंबरातली ती तारीख कोणासाठी पुढे ढकलली जात नाही. मोठ्या बक्षिसाची शर्यत घोड्याला तर पळवतेच, पण थांबू शकणाऱ्या माणसालाही थांबू देत नाही.

आता या यादीतला मला सगळ्यात आवडलेला धागा सांगतो. टर्न-टू, १९५३ चा विजेता. त्याचा मुलगा फर्स्ट लँडिंग, १९५८ चा विजेता. आणि फर्स्ट लँडिंगचा मुलगा रिव्हा रिज, १९७१ चा विजेता. आजा, बाप, नातू! वीस वर्षं चाललेल्या शर्यतीत एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी ती जिंकली. आजा डर्बीपर्यंत पोचला नाही, बाप डर्बीत तिसरा आला, आणि नातवानं १९७२ ची केंटकी डर्बी जिंकली, शिवाय बेलमाँटही. घराण्याचं एक राहिलेलं काम तिसऱ्या पिढीनं पूर्ण केलं म्हणायला हरकत नाही.

फर्स्ट लँडिंग आणि रिव्हा रिज दोघेही एकाच तबेल्याचे, व्हर्जिनियातल्या क्रिस्टोफर चेनरी यांच्या मेडो स्टेबलचे. रिव्हा रिज जिंकत होता तेव्हा म्हातारे चेनरी रुग्णालयात होते, आणि तबेल्याचा कारभार मुलगी पेनी हिनं हातात घेतला होता. तबेला पैशाच्या अडचणीत, विकून टाकावा असं घरातल्यांचं मत. रिव्हा रिजच्या कमाईनं तो तगला. आणि पुढच्याच वर्षी त्याच तबेल्यातून, ल्युसियन लॉरिन या त्याच ट्रेनरच्या हाताखालून, एक तांबूस घोडा या शर्यतीत उतरला. त्याचं नाव सेक्रेटेरिएट.

रेसशी काही संबंध नसलेल्यांनीही हे नाव ऐकलेलं असतं. जन्म ३० मार्च १९७०. पहिल्या शर्यतीत, ४ जुलै १९७२ ला, धक्काबुक्कीत सापडून चौथा आला. त्यानंतर दोन वर्षांच्या वयात त्याच्या पुढे कोणी पहिलं पोचलं नाही, फक्त शँपेन स्टेक्समध्ये दुसऱ्या घोड्याला अडवलं म्हणून पंचांनी त्याला पहिल्यावरून दुसरा केला. १८ नोव्हेंबर १९७२ ला गार्डन स्टेट पार्कवर तो नेहमीसारखा मागे रेंगाळला आणि मग सगळ्यांना मागे टाकत साडेतीन लेंग्थनं जिंकला. दुसरा आला त्याच ट्रेनरचा अँगल लाइट. वर्षअखेरीला सेक्रेटेरिएट अमेरिकेचा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. मोठ्या वयाच्या सगळ्या घोड्यांना मागे टाकून हा मान दोन वर्षांच्या पोराला मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट.

आणि मग आलं ते सगळ्यात मोठं जुगाराचं पान. ३ जानेवारी १९७३ ला चेनरी वारले. वारसा कर भरायला प्रचंड पैसा हवा होता. क्लेबोर्न फार्मच्या तेवीस वर्षांच्या सेथ हॅनकॉकनं फेब्रुवारीत सेक्रेटेरिएटच्या पैदाशीच्या हक्काचे बत्तीस भाग पाडून विकले, प्रत्येकी एक लाख नव्वद हजार डॉलरला. एकूण साठ लाख ऐंशी हजार. त्या काळचा विक्रम. लक्षात घ्या, तीन वर्षांचा होऊन तो अजून एकही शर्यत पळलेला नव्हता. बत्तीस माणसांनी पैसे दिले ते दोन वर्षांच्या वयातल्या नऊ शर्यती बघून. म्हणजे पाळण्यातले पाय बघून. एप्रिलमध्ये वुड मेमोरियल शर्यतीत तो तिसरा आला (आणि जिंकला कोण, तर तोच अँगल लाइट!) तेव्हा त्या बत्तीस घरांत त्या रात्री कोणाला नीट झोप लागली असेल असं वाटत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. केंटकी डर्बी, प्रिकनेस, बेलमाँट तिन्ही. बेलमाँट एकतीस लेंग्थनं, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

पण इकडे गार्डन स्टेट स्टेक्सचं काय झालं? जुन्या थाटातली ती शर्यत सेक्रेटेरिएटबरोबरच संपली. वीस वर्षं जी परीक्षा घेतली जात होती, तिचं पूर्ण खरं ठरलेलं उत्तर मिळालं आणि परीक्षाच बंद पडली. यात नशिबाचा काही संकेत वगैरे शोधायला नको, कारणं साधी होती. १९६९ पासून पेनसिल्व्हेनियातच थरोब्रेड शर्यती सुरू झाल्या. फिलाडेल्फियाकरांना पूल ओलांडायची गरज उरली नाही. १९७० मध्ये न्यू जर्सीनं स्वतःची लॉटरी काढली. १९७६ मध्ये राज्याच्या उत्तरेला मेडोलँड्सचं नवं मैदान उघडलं. आणि १४ एप्रिल १९७७ ला, शर्यती चालू असताना, गार्डन स्टेट पार्कला आग लागली. ते युद्धकाळातलं लाकूड. हजारो प्रेक्षक कसेबसे बाहेर पडले, माणसंही दगावली, आणि स्टँड बघता बघता जळून गेली.

मधल्या काळात, १९८४ मध्ये, ‘ब्रीडर्स कप’ सुरू झाला. त्यात दोन वर्षांच्या घोड्यांसाठी दहा लाख डॉलरची शर्यत ठेवलेली. वर्षाच्या शेवटी पोरांची मोठी परीक्षा घ्यायचं काम तिनं उचललं. जी शर्यत परंपरेऐवजी पैशावर उभी असते, तिच्यापेक्षा जास्त पैसा कोणी दिला की तिची जागा रिकामी होते. डर्बीपेक्षा मोठं बक्षीस कितीजणांनी ठेवलं, पण डर्बी हलली नाही, कारण लोक तिथे बक्षिसासाठी जातच नाहीत.

१९८५ मध्ये रॉबर्ट ब्रेनन या शेअर बाजारातल्या माणसानं काचेचं, चकचकीत नवं गार्डन स्टेट पार्क उभं केलं. गार्डन स्टेट स्टेक्स हे नावही परत आलं, पण आता ती तीन वर्षांच्या घोड्यांची, डर्बीपूर्वीची शर्यत होती. ब्रेनननं जाहीर केलं की इथल्या दोन शर्यती, मग केंटकी डर्बी, आणि मग परत इथली जर्सी डर्बी जिंकणाऱ्याला वीस लाख डॉलर जादा. स्पेंड अ बक या घोड्यानं डर्बी जिंकली आणि त्याच्या मालकानं चक्क प्रिकनेस सोडून जर्सी गाठली. बक्षिसासह सव्वीस लाख डॉलर घेऊन गेला. बाकीच्या जगात खळबळ उडाली, ट्रिपल क्राउनच्या मैदानांनी घाईनं एकत्र येऊन स्वतःचा बोनस काढला. पैशानं परंपरेला असा धक्का देता येतो, पण एकदाच. २००१ मध्ये गार्डन स्टेट पार्क कायमचं बंद झालं. त्याच वर्षी ब्रेनन आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरून तुरुंगात गेला.

आता तिथे दुकानं आहेत, घरं आहेत, मोठालं सुपरमार्केट आहे. दक्षिण जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींनी तिथून आठवड्याची भाजी आणली असेल. गाडी लावली ती जागा कदाचित शेवटच्या वळणाची असेल. यात रडण्यासारखं काही नाही, शहरं अशीच वाढतात. मुंबईत महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे. त्याचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, अकरा वर्षं वाद झाले, आणि २०२४ मध्ये दोनशे अकरा एकरांपैकी एकशे वीस एकर सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेला द्यायचं ठरलं. मुंबईत मोकळा श्वास घ्यायला जागा हवीच. पण कोणत्याही शहरात घोड्यांच्या पायाखालची जमीन घोड्यांपेक्षा महाग झाली की पुढे काय होतं, हे चेरी हिलच्या लोकांना विचारावं.

मग या शर्यतीचं उरलं काय? बक्षिसाचे पैसे केव्हाच खर्च झाले. चषक कुठल्यातरी कपाटात असतील. उरलं ते रक्तात. आठच शर्यती पळून पाय गेलेला टर्न-टू आणि ज्याला गार्डन स्टेट स्टेक्स पळायलाच मिळाली नाही तो त्याचा मुलगा हेल टू रीझन. या हेल टू रीझनचा मुलगा हेलो, हेलोचा मुलगा संडे सायलेन्स. त्यानं १९८९ ची केंटकी डर्बी जिंकली, पण अमेरिकेतल्या मोठ्या तबेल्यांना त्याच्या घराण्यात फारसा रस नव्हता, म्हणून तो जपानला विकला गेला. तिथे त्यानं अख्ख्या जपानी घोड्यांची जात बदलून टाकली. २००५ मध्ये जपानचा ट्रिपल क्राउन जिंकणारा डीप इम्पॅक्ट हा त्याचाच मुलगा.

म्हणजे १९६० च्या त्या सप्टेंबरात प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन तबेल्यात उभ्या असलेल्या त्या घोड्याकडे बघून, याची नातवंडं-पतवंडं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राज्य करतील, असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. त्याचे पाय तर पाळण्यातच दिसले होते, आणि मोडलेलेही सगळ्यांनी पाहिले होते. तरी कोणीतरी रात्र-रात्र जागून तो पाय वाचवला. त्या माणसांना कुठलंही बक्षीस नव्हतं, कुठे फी भरलेली नव्हती. मला वाटतं, दोन वर्षांच्या पोराबद्दल घेतलेला त्या वर्षातला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता.